खडकवासल्याची हेरशाळा आणि सिद्धगडचा डोंगर

१९४३ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या बंदरात सयामी तरुणांची एक तुकडी उतरली. सुमारे ३६ जण. जानेवारीत लिव्हरपूलहून निघालेली ही मंडळी आफ्रिकेला वळसा घालून आली होती. अंगात ब्रिटिश लष्कराच्या पायोनियर कोअरचा गणवेश, म्हणजे खड्डे खणणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या पलटणीचा. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक इंग्लंडमधल्या विद्यापीठांत शिकणारे विद्यार्थी. २७ वर्षांचे पुआय उंगपाकोन त्यांच्यातलेच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून पहिल्या वर्गात पदवी मिळवलेले. थायलंडच्या, म्हणजे पूर्वीच्या सयामच्या, सरकारनं जानेवारी १९४२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं आणि हे विद्यार्थी एकाएकी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मायदेशी परतायचं नाकारून ते 'स्वतंत्र थाई' चळवळीत सामील झाले. इंग्लंडमध्ये त्यांनी बटाटे काढले, संडास साफ केले. आता त्यांना पुण्याजवळच्या एका छावणीत पाठवलं जात होतं. तिथे ते सुरुंग लावायला, रूळ उखडायला आणि शत्रूच्या मुलखात नाव बदलून राहायला शिकणार होते.

मुंबईहून पुण्याला जाणारा लोहमार्ग कल्याणला दक्षिणेकडे वळतो आणि उल्हास नदीच्या सोबतीनं अंबरनाथ, बदलापूर, नेरळ करत कर्जतच्या घाटाला लागतो. कल्याण सोडलं की त्या काळी लष्कराची अफाट छावणी लागे. ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर माणसं राहू शकतील एवढ्या बराकी तिथे युद्धासाठी उभारल्या होत्या. जहाजानं मुंबईला आलेल्या पलटणी इथे थांबत आणि पूर्वेच्या आघाडीकडे जात. आजचं उल्हासनगर ते हेच. बदलापूर मागे पडलं की उजव्या हाताला माथेरानचा डोंगर दिसू लागतो आणि डाव्या हाताला, लांबवर, भीमाशंकरची रांग. त्या रांगेतल्या सिद्धगडावर चारच महिन्यांपूर्वी, २ जानेवारी १९४३ ला, पोलिसांनी माथेरानच्या एका तरुण वकिलाला गोळ्या घातल्या होत्या. विजेचे मनोरे पाडल्याचा आरोप त्याच्यावर होता.

त्या काळाबद्दल वाचताना या एका लोहमार्गापाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. त्याच्या पुण्याकडच्या टोकाला घातपात शिकवण्यासाठी साम्राज्यानं शाळा काढली होती, आणि मधल्या डोंगरांत तीच विद्या स्वतःच्या बळावर शिकलेल्या माणसांची शिकार चालली होती. दोन्हीकडच्या माणसांना स्वतःचा देश परक्यांच्या ताब्यातून सोडवायचा होता. तरीही या दोन गोष्टी आपण कधी एकत्र सांगितल्या नाहीत. त्या शाळेत शिकलेल्या सयामी आणि चिनी तरुणांची हकिगत बँकॉकमध्ये आणि सिंगापूरमध्ये सांगितली जाते, सिद्धगडावर मारल्या गेलेल्या भाई कोतवालांची रायगड-ठाण्यात. खडकवासला म्हटलं की आपल्याला धरण आठवतं आणि एनडीए.

ब्रिटिशांनी जुलै १९४० मध्ये स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एसओई, ही संघटना काढली. शत्रूनं जिंकलेल्या मुलखात स्थानिक लोकांना हाताशी धरून घातपात करणं हे तिचं काम. तिची पूर्वेकडची पहिली मोठी शाळा सिंगापूरच्या तांजोंग बलाईत होती. १०१ क्रमांकाची विशेष प्रशिक्षण शाळा. ती १९४१ च्या जुलैत सुरू झाली आणि सातच महिन्यांत, १५ फेब्रुवारी १९४२ ला, सिंगापूरच पडलं. मग भारत हा तळ झाला. एसओईच्या भारतातल्या कामाचे प्रमुख होते कॉलिन मॅकेन्झी. सुताच्या धंद्यातल्या जे. अँड पी. कोट्स कंपनीचे ते संचालक. पहिल्या महायुद्धात एक पाय गमावलेले. कचेरी मेरठला. १९४४ पासून या सगळ्या खटाटोपाला 'फोर्स १३६' हे नाव मिळालं. आणि शाळा निघाली ती खडकवासल्याला. आधी तिचं नाव गनिमी युद्ध प्रशिक्षण तुकडी असं होतं, पुढे ईस्टर्न वॉरफेअर स्कूल झालं.

जागा हेरून निवडलेली होती हे उघड आहे. १८७९ साली बांधून झालेल्या धरणाचा लांबलचक तलाव, ज्याला इंग्रज 'लेक फाइफ' म्हणत, माथ्यावर सिंहगड, आजूबाजूला उघडे डोंगर आणि दाट झाडीच्या घळी. पुण्याची लष्करी छावणी फार दूर नाही, तरी वाटेवरच्या माणसाला सुगावा लागू नये इतकी आडबाजू. याच तलावाच्या उत्तर काठावर युद्धकाळात समुद्रकिनाऱ्यावर फौजा उतरवण्याचा सराव चाले. त्यासाठी जमिनीवर एक नकली जहाज बांधलं होतं, एचएमएस अँगोस्टुरा. डोंगराच्या कुशीत, समुद्रापासून इतक्या दूर, सैनिक जहाजातून उतरायचा सराव करत.

एसओईच्या शाळांत जे शिकवलं जाई ते ठरलेलं होतं. स्फोटकं कशी हाताळायची, रुळाच्या कोणत्या सांध्यावर किती दारू लावायची, पूल कुठे कमकुवत असतो. नकाशा, होकायंत्र, रात्रीची चाल. हातघाईत माणसाला आवाज न होता कसं मारायचं. सांकेतिक लिपी, बिनतारी संदेशयंत्र. खोटं नाव, खोटा व्यवसाय, खोटं बालपण पाठ करायचं, आणि झोपेतून उठवून विचारलं तरी चुकायचं नाही. छत्रीनं उडी मारायचं शिक्षण वेगळ्या जागी, रावळपिंडीजवळ चकलाला इथे. सिंहगडाच्या परिसरात गनिमी युद्धाचे धडे द्यायला इंग्रजांनी यावं, आणि ते घ्यायला सयाम-चीनच्या मुलांनी, या योगायोगाची नोंद मराठी माणसानं तरी घ्यायला हवी.

चिनी मुलं आली ती लिम बो सेंग यांच्यामुळे. हे सिंगापूरचे व्यापारी. जपाननं चीनवर हल्ला केल्यापासून ते जपानी मालावरच्या बहिष्कारात आणि चीनसाठी निधी गोळा करण्यात पुढे होते, त्यामुळे जपान्यांच्या यादीत त्यांचं नाव असणार हे ठरलेलंच होतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये, शहर पडायला तीन-चार दिवस उरले असताना, पत्नी गान चू नेओ आणि मुलांना मागे ठेवून ते सुमात्रामार्गे निसटले आणि भारतात पोचले. कलकत्त्यात अडकून पडलेल्या चिनी खलाशांना त्यांनी संघटित केलं. पुढे चोंगचिंगच्या चिनी सरकारशी आणि ब्रिटिशांशी बोलणी करून मलायात परत शिरण्यासाठी माणसं जमवली. ती माणसं पुण्याजवळ तयार झाली. त्यांच्यातल्या तान चोंग टी यांनी पुढे या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. यातले बरेचजण शिक्षक, कारकून, विद्यार्थी. हातात कधी बंदूक न धरलेले.

हे चालू होतं त्या वेळी खडकवासल्याहून पंचवीसेक किलोमीटरवर आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी कैदेत होते. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ असा त्यांचा तिथला मुक्काम. महादेवभाई देसाई तिथेच गेले, कस्तुरबाही तिथेच गेल्या. १० फेब्रुवारी १९४३ पासून गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण केलं, तेव्हा सगळ्या देशाचे डोळे पुण्याकडे लागले होते. येरवड्याचा तुरुंग सत्याग्रहींनी भरलेला होता. एकाच शहराच्या दोन टोकांना एक सरकार एकाला स्वातंत्र्य मागितलं म्हणून कोंडत होतं आणि दुसऱ्याला त्याचं स्वातंत्र्य मिळवायचे डावपेच शिकवत होतं.

जपाननं हेच काम आधी सुरू केलं होतं. १९३८ मध्ये टोकियोच्या कुदान भागात मोजक्या तरुण अधिकाऱ्यांना घेऊन एक गुप्त शाळा निघाली. पुढच्या वर्षी ती नाकानो या उपनगरात गेली आणि तेच तिचं नाव पडलं. ती उभारणाऱ्यांत आकिकुसा शुन आणि इवाकुरो हिदेओ हे दोघे प्रमुख. या शाळेवर १९६६ साली यासुझो मासुमुरा यांनी 'रिकुगुन नाकानो गाक्को' हा कृष्णधवल चित्रपट काढला. युद्धकाळातल्या हेरांचं शिक्षण एवढ्या निष्ठुर प्रामाणिकपणानं दाखवणारा दुसरा चित्रपट मला ठाऊक नाही. इचिकावा रायझो या नटानं जिरो मियोशी या तरुण सेकंड लेफ्टनंटचं काम केलं आहे. एके दिवशी त्याला वरून हुकूम येतो. आई आणि वाग्दत्त वधू युकिको यांना काही न सांगता तो नाहीसा होतो. शाळेत त्याचं नाव बदलतं. गणवेश उतरवायचा, केस वाढवायचे, लष्करी सलाम ठोकायची सवय मोडायची. कुलपं उघडायची कला शिकायची, वेष पालटायचा, स्त्रियांशी गोड बोलून माहिती काढायची. एकट्यानं, अनोळखी देशात, कुणी शाबासकी देणार नाही हे ठाऊक असताना वर्षानुवर्षं जगायचं. जपानी लष्कर इतर सगळ्यांना मरायला शिकवत होतं; नाकानोत जिवंत राहायला शिकवलं जाई, कारण मेलेला हेर काही कळवू शकत नाही. आकिकुसांवर बेतलेला कुसानागी नावाचा अधिकारी मुलांना सांगतो की आशियाला गोऱ्यांच्या जोखडातून सोडवणं हे आपलं काम आहे, आणि मुलं त्याच्यावर विश्वास ठेवतात.

इकडे युकिको मियोशीला शोधत राहते. सैन्यानं आपल्या माणसाला गिळलं या रागातून ती ब्रिटिशांची खबरी बनते. शेवटी तिचा काटा काढायचं काम येतं ते मियोशीकडेच, आणि तो ते पार पाडतो. मासुमुरा कुणालाही राक्षस करत नाहीत. शिकवणारा मायाळू आहे, शिकणारे बुद्धिमान आणि निःस्वार्थी आहेत. एवढ्या चांगल्या माणसांकडून जे होतं ते पाहताना अंगावर काटा येतो. चित्रपट इतका चालला की १९६८ पर्यंत त्याचे आणखी चार भाग निघाले.

चित्रपटात हिंदुस्थान जवळजवळ नाही. खऱ्या नाकानोच्या इतिहासात मात्र तो जागोजागी आहे. डिसेंबर १९४१ मध्ये मलायात मेजर फुजिवारा इवाइची यांनी कॅप्टन मोहन सिंग यांना गाठलं आणि त्यातून पहिली आझाद हिंद सेना उभी राहिली. फुजिवारांच्या हाताखालचे तरुण अधिकारी नाकानोतून बाहेर पडलेले होते. १९४२ च्या वसंतात त्यांच्या जागी आले ते इवाकुरो हिदेओ, शाळेच्या संस्थापकांपैकीच एक. त्याच वर्षी पेनांग बेटावर एन. राघवन यांच्या देखरेखीखाली 'स्वराज इन्स्टिट्यूट' सुरू झाली. मलायातल्या हिंदी तरुणांना तिथे बिनतारी यंत्र, गुप्त संदेश आणि घातपात शिकवत. २७ सप्टेंबर १९४२ च्या रात्री जपानी पाणबुडीनं त्यांच्यातल्या पाच जणांना मलबारच्या तानूर किनाऱ्यावर सोडलं. दुसऱ्या पाच जणांना काठेवाडच्या किनाऱ्यावर. ते फार दिवस मोकळे राहिले नाहीत. मद्रासला खटला चालला आणि १० सप्टेंबर १९४३ ला वक्कम अब्दुल खादर, सत्येंद्र चंद्र बर्धन, फौजा सिंग यांना सहकाऱ्यासह फाशी झाली. राघवन यांना विश्वासात न घेताच जपान्यांनी संस्थेतली मुलं पाठवली होती. राघवन यांनी निषेध म्हणून संस्था बंद केली.

अब्दुल खादर फासावर गेले ते वर्ष आणि पुआय पुण्याच्या डोंगरांत पाय झिजवत होते ते वर्ष एकच. दोघांची विद्या सारखीच. दोघांना पाठवणारं सरकार परकं होतं आणि त्या सरकारचे स्वतःचे हेतू होते. कुसानागी जे सांगतो तेच थोड्याफार फरकानं पेनांगला सांगितलं जात होतं, आणि खडकवासल्यालाही. शिकणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. राघवन यांना कळलं होतं. आपला देश सोडवायला कुणाचा हात धरावा लागेल, हा प्रश्न प्रत्येकानं आपल्यापुरता सोडवला होता आणि त्याची किंमत मोजायची तयारी ठेवली होती.

भाई कोतवालांनी कुणाचाच हात धरला नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा. नाभिक समाजातल्या गरीब घरातला. साहेबांच्या थंड हवेच्या गावात हा मुलगा वाढला, शिकला, वकील झाला आणि वकिली करून पैसे मिळवायच्या ऐवजी कर्जत-मुरबाडच्या कुळांच्या आणि आदिवासींच्या मागे उभा राहिला. माथेरान नगरपालिकेचं उपाध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. सावकाराच्या दारात जायची वेळ येऊ नये म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्यकोठार काढलं, पाड्यापाड्यांत शाळा सुरू केल्या. १९४२ च्या सप्टेंबरात त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला तेव्हा त्यात आले ते याच कामातून जोडलेले लोक: गोमाजी पाटील, त्यांचा मुलगा हिराजी, शिक्षक, शेतकरी, कातकरी-ठाकर वस्त्यांतली माणसं. पारखून माणसं निवडणं हे हेरशाळांचं सर्वांत अवघड काम असतं. कोतवालांचं ते आधीच झालेलं होतं.

लक्ष्यही त्यांनी अचूक निवडलं. घाटमाथ्यावरच्या धरणांतलं पाणी खाली सोडून टाटा कंपनी वीज करत असे: खोपोलीला १९१५ पासून, भिवपुरीला १९२२ पासून, भिऱ्याला १९२७ पासून. मुंबईच्या गिरण्या त्यावर चालत. ती वीज उंच लोखंडी मनोऱ्यांवरून कर्जत, बदलापूर, कल्याणच्या रानातून मुंबईला जाई. युद्धाचा कापड-पुरवठा, कारखाने, आगगाड्या यांचा प्राण त्या तारांत होता, आणि एवढ्या लांब तारेवर पहारा ठेवणं कोणत्याच सरकारला जमणारं नव्हतं. एसओईच्या कोणत्याही प्रशिक्षकानं हेच लक्ष्य दाखवलं असतं. (भिवपुरीला वीज करून झालेलं पाणी उल्हास नदीत येतं, आणि बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरचे लोक आज तेच पितात. म्हणून हा इतिहास इथल्या माणसाला परका वाटू नये.)

सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत दस्त्यानं ११ मनोरे आडवे केले. कुठे गिरण्या थांबल्या, कुठे रेल्वे अडखळली. त्यांच्याकडे बिनतारी यंत्र नव्हतं, सांकेतिक लिपी नव्हती, पाणबुडी येऊन घेऊन जाईल अशी रात्र ठरलेली नव्हती. रानवाटा जाणणारी माणसं होती, आणि भाकरी पोचवणाऱ्या बायका. प्रशिक्षित तुकडीला सर्वांत आधी शिकवतात की एका जागी राहू नका, निरोप्यावर विसंबू नका, मुक्काम माहीत असणारी माणसं कमीत कमी ठेवा. गावाच्या आधारानं जगणाऱ्या दस्त्याला हे पाळता येत नाही. त्याचं बळ असतं तिथेच त्याचा धोकाही असतो. ठावठिकाणा पोलिसांपर्यंत पोचला. म्हसा-नारिवलीच्या बाजूनं सिद्धगडाच्या रानात शिरून २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल आणि स्टॅफर्ड या अधिकाऱ्यांच्या पोलीस तुकडीनं दस्त्याला गाठलं. हिराजी पाटील पहिल्या गोळीबारात पडले. कोतवाल जखमी झाले होते. हॉलनं जवळून गोळी घालून त्यांना संपवलं, असं तिथले लोक सांगत आले आहेत. वय ३० वर्षं आणि एक महिना.

कोतवालांच्या मृत्यूनंतर लगेचच, २४ जानेवारीला, पुण्याच्या लष्कर भागातल्या कॅपिटॉल चित्रपटगृहात बाँब फुटला आणि इंग्रज सैनिक मेले. हेच चित्रपटगृह पुढे व्हिक्टरी झालं. बाँबचं सामान सरकारी दारूगोळ्याच्या साठ्यातूनच बाहेर काढलं होतं आणि त्यामागच्या तरुणांत भास्कर कर्णिक होते. पकडल्यावर, तोंडून सहकाऱ्यांची नावं जाऊ नयेत म्हणून त्यांनी फरासखान्यात सायनाइड घेतलं. ही तारीख ३१ जानेवारी. हेरशाळांतून निघणाऱ्यांना सायनाइडची गोळी देत. कर्णिकांनी ती स्वतःच मिळवून ठेवली होती. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी शेवटचा धडा त्यांना पाठ होता.

जयप्रकाश नारायण हजारीबागच्या तुरुंगातून निसटून नेपाळच्या तराईत गेले आणि तिथे त्यांनीही आझाद दस्त्यांचं प्रशिक्षण सुरू केलं. म्हणजे १९४३ साली हिंदुस्थानात आणि आसपास घातपाताचे वर्ग सगळ्याच बाजूंनी भरत होते. एसओईला आपल्या शाळेत हिंदी तरुण भरभरून का घेता आले नाहीत, याचं उत्तर मला या सगळ्यात दिसतं. रूळ उखडायला शिकवलेला माणूस उद्या कोणाचे रूळ उखडेल, हे कल्याण-कर्जतच्या तारा तुटताना सरकारनं पाहिलं होतं. सयामी मुलगा सयामलाच परत जाणार होता.

खडकवासल्याहून निघालेल्यांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. मे १९४३ मध्ये जॉन डेव्हिस हा मलायातला माजी पोलीस अधिकारी पाच चिनी सहकाऱ्यांसह ओ-२४ या डच पाणबुडीतून पेराकच्या किनाऱ्यावर उतरला. नोव्हेंबरात लिम बो सेंगही तान चून लिम या नावानं पोचले. वर्षाअखेरीस त्यांनी जंगलातल्या कम्युनिस्ट गनिमांशी, ज्यांच्यात तरुण चिन पेंग होते, करार केला. मार्च १९४४ मध्ये गावातलं जाळं फुटलं आणि लिम पकडले गेले. जपान्यांनी त्यांचे हाल केले. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. २९ जून १९४४ ला बाटू गाजाच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. ३५ वर्षांचे होते. सिंगापूरला मॅकरिची जलाशयाच्या काठी त्यांची समाधी आहे, शहराच्या मध्यभागी स्मारक आहे आणि शाळकरी मुलांना त्यांचं नाव ठाऊक असतं.

पुआय आधी पाणबुडीनं गेले. किनाऱ्यावरून यायची ती खूण आली नाही, म्हणून तसेच परतले. मग मार्च १९४४ मधल्या एका रात्री विमानातून चाइनात प्रांतात उडी मारली. चुकीच्या जागी पडले. गावकऱ्यांनी आणि पोलिसांनी पकडून देवळाच्या आवारात बांधून ठेवलं. विषाची गोळी जवळ होती, घेतली नाही. बँकॉकच्या पोलीस कोठडीत त्यांना कळलं की पोलीसप्रमुखच गुप्तपणे जपानविरोधी चळवळीत आहे, आणि राजप्रतिनिधी प्रीदी बानोमयोंग तिचे नेते आहेत. मग कोठडीतूनच, पोलिसांच्या मदतीनं, रात्री हिंदुस्थानातल्या तळाला संदेश जाऊ लागले. युद्ध संपल्यावर जिंकलेल्या ब्रिटननं थायलंडला शत्रू म्हणून वागवू नये, यासाठी जे प्रयत्न झाले त्यांत या तरुणांच्या कामाचा मोठा आधार होता. पुआय पुढे १९५९ ते १९७१ बँक ऑफ थायलंडचे गव्हर्नर होते. स्वच्छ कारभारासाठी १९६५ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. थम्मासात विद्यापीठाचे ते कुलगुरू असताना, ६ ऑक्टोबर १९७६ ला तिथल्या विद्यार्थ्यांची कत्तल झाली आणि त्यांनाच देशद्रोही ठरवून जमाव शोधू लागला. त्यांना देश सोडावा लागला. १९९९ मध्ये ते लंडनला वारले.

युद्ध संपलं आणि खडकवासल्याची शाळा बंद झाली. तिन्ही दलांची एकत्र प्रबोधिनी कुठे करावी हा प्रश्न आला तेव्हा तलाव, डोंगर, लोहगावचा विमानतळ यांच्या जोडीला युद्धकाळातलं ते प्रशिक्षण केंद्र आणि जमिनीवरचं जहाजही कामी आलं. ६ ऑक्टोबर १९४९ ला नेहरूंनी एनडीएची कोनशिला बसवली.

कल्याणच्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेले लाखभर लोक राहायला आले. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी तिचं उल्हासनगर असं नामकरण केलं. आजही इथल्या पत्त्यात कॅम्प नंबर आणि बराक नंबर असतो. निर्वासितांच्या पुनर्वसनाचं खातं पन्नाशीच्या दशकात केंद्रात ज्यांच्याकडे उपमंत्री म्हणून होतं, ते जगन्नाथराव भोसले सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले अधिकारी, सिंगापूर पडल्यावर युद्धकैदी झालेले, आणि नंतर आझाद हिंद सेनेत नेताजींच्या हाताखाली वरिष्ठ पदावर काम केलेले. पेनांगच्या मुलांची कहाणी ज्या मलायात घडली त्याच मलायात घडलेला हा माणूस निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना आखत होता.

एसओईची पूर्वेकडची कागदपत्रं लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एचएस १' या मालिकेत आहेत आणि १९९३ पासून ती वाचायला खुली आहेत. बेचाळीसच्या काळातले मुंबई सरकारचे कागद मुंबईत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत. सिद्धगडावर दर २ जानेवारीला लोक जमतात, भाषणं होतात, आणि आता कोतवालांवर चित्रपटही निघाला आहे. माझी इच्छा आहे की बदलापूर किंवा उल्हासनगरच्या एखाद्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यानं या दोन्ही दप्तरांतले १९४३ सालचे कागद शेजारी ठेवून वाचावेत, एका बाजूला खडकवासल्याचे अहवाल आणि दुसऱ्या बाजूला कर्जत-मुरबाडच्या पोलिसांचे. इंग्रजी येतं, मराठी येते, गावं पायाखालची आहेत, आणि दस्त्यातल्या माणसांची नातवंडं अजून त्या गावांत आहेत. हे काम लंडनच्या अभ्यासकापेक्षा त्यालाच चांगलं जमेल.